सुपडूची तेरावी साक्ष

“सळईचं नीट सांगा हं, भाऊ. पाहुणे पार पुण्याहून आलेत,” पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या सरलाबाई सुपडूच्या कानाशी लागून म्हणाल्या, आणि चहाची किटली धरून उभ्या असलेल्या प्रमिलाबाईंनी तोंड फिरवलं.

पांडेसऱ्याच्या मिलवस्तीतल्या त्या पत्र्याच्या ख्रिस्ती प्रार्थनागृहात सुपडू आजवर बारा वेळा उभा राहिला होता. दारूच्या नशेत खोलीतल्याच सोबत्याच्या डोक्यात लोखंडी सळई कशी घातली, तो माणूस कसा मेला, तुरुंगात नऊ वर्षं कशी गेली, आणि तिथं कुणीतरी हातात दिलेलं शुभवर्तमान वाचता वाचता प्रभूनं कसं गाठलं. मंडळीत बाहेरचं कुणी आलं, की झालीच साक्ष सुरू. पहिल्यांदा तो रडला होता, बोलता बोलता मटकन खाली बसला होता. आता त्याला सवय झाली होती. कुठं थांबायचं, कुठं आवाज बारीक करायचा, सगळं पाठ. आणि ऐकणारे? रक्ताची जागा आली, की खुर्च्या पुढं सरकवायचे. पंगतीत जिलबीवाला आल्यावर माणसं सरकतात ना, तसे. प्रमिलाबाईंना त्या सगळ्यांची शिसारी यायची. स्वतःचीही यायची. पहिल्या दोन वेळा त्यांनीही अशीच खुर्ची सरकवली होती, खोटं कशाला बोला?

आजची गोष्ट तर फारच ओंगळ होती. सुपडूला एका मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालायचं काम मिळत होतं. ठेकेदाराची अट एकच: ह्याची चालचलणूक चांगली आहे, असं मंडळीचं सही-शिक्क्याचं पत्र सोमवारी सकाळी आठच्या आत आण. नाही आणलंस तर जागा दुसऱ्याला. मग पुन्हा मजूर-नाक्यावर बसणं आलं. आणि नाक्यावर दुपारपर्यंत कुणी बोलावलं नाही, की दारूची प्लॅस्टिकची पोटली आपसूक हातात येते, हे सुपडूइतकं कुणाला ठाऊक होतं?

आज रविवारच्या उपासनेच्या आधी त्यानं टाइप केलेलं पत्र योगेंद्रभाऊंपुढं धरलं. योगेंद्रभाऊ म्हणजे मंडळीचे पुढारी, पलसाण्याकडच्या एका मिलमध्ये सुपरवायझर. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. आपण प्रार्थना करू, म्हणाले. देव दार उघडेल, म्हणाले. पण शिक्का म्हणजे जबाबदारी, उद्या काही कमीजास्त झालं तर मंडळीच्या तोंडाला काळं लागेल, तेव्हा सध्या नको. शेजारी सरलाबाईंनी मान डोलावली. सुपडू “बरं” म्हणाला आणि पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं.

देवानं क्षमा केली म्हणून गळे काढायचे, आणि शिक्का मारायची वेळ आली की ह्यांच्या हाताला लकवा. प्रमिलाबाईंनी तिथल्या तिथं मनात एक शिवी हासडली. देवाच्या घरात हासडली, पण देव काय ते बघून घेईल.

गीतं झाली. योगेंद्रभाऊंनी माइक घेतला. आमचा हा भाऊ म्हणजे देवाच्या कृपेचं जिवंत उदाहरण, असं म्हणून त्यांनी सुपडूच्या खांद्यावर हात ठेवला. पाहुण्यांपैकी एकानं मोबाइल उभा धरला. सुपडू पुढं आला.

प्रमिलाबाईंनी किटली खाली ठेवली. अकरा वर्षांत त्या मंडळीपुढं गाण्याखेरीज कशाला उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या सरळ सुपडूशेजारी जाऊन थांबल्या.

“आज हे भाऊ बोलायचे नाहीत,” त्या म्हणाल्या.

योगेंद्रभाऊ हसले. वेळ कमी आहे, बाई, चहाचं नंतर बघू, म्हणाले.

“चहाचं नाही. ह्यांनी बारा वेळा आपलं पाप सांगितलं, आपण बारा वेळा हालेलुया म्हटलं. सकाळी ह्यांनी कामासाठी एक सही मागितली, तर आपल्याला ह्यांची भीती वाटली. भीती वाटते तर उभं करून तमाशा कसला बघता? आणि वाटत नसेल तर करा सही.”

योगेंद्रभाऊंचे कान लाल झाले. त्यांनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं नाही, सुपडूकडेही नाही. त्यांनी पाहिलं पाहुण्याच्या मोबाइलकडे. तो अजून चालूच होता.

मग त्यांनी सुपडूकडून पत्र मागून घेतलं, पेन काढून सही केली. टेबलाच्या खणातून शिक्का काढला, दोनदा दाबून मारला, आणि मान वर करून “प्रभूची स्तुती असो” म्हणत असे काही गोड हसले, की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मागोमाग सगळ्यांनी वाजवल्या. सरलाबाईंनी तर सर्वांत जोरात. सही सुपडूसाठी नव्हती आणि देवासाठी तर नव्हतीच, हे प्रमिलाबाईंना लख्ख दिसत होतं. पण सही ती सही. ओल्या शिक्क्यावर फुंकर घालून त्यांनी कागद सुपडूच्या हातात दिला.

सुपडूनं तो जपून खिशात ठेवला. मग माइकपुढं सरकला, हात जोडले आणि म्हणाला, “मी एक खुनी माणूस.”

पुढच्या रांगेतल्या खुर्च्या करकरल्या. प्रमिलाबाईंनी त्याची बाही धरली.

“बठ, भाऊ,” त्या घरच्या बोलीत, हळूच म्हणाल्या. “झालं काम. आता बठ तू.”

सुपडू बसला नाही. खिशावर हात तसाच दाबून धरून त्यानं योगेंद्रभाऊंकडे पाहिलं.

“बसू का, भाऊ?” त्यानं विचारलं.