डावं-उजवं

"दोन्हींत डावं-उजवं काही नाही बघा," विक्रेता म्हणाला. "डोळे मिटून कुठलीही घ्या."

दुकानाच्या फरशीवर सहलीच्या दोन मोटरबोटी ट्रेलरवर शेजारी शेजारी उभ्या होत्या. तीच लांबी, तेच इंजिन, तशाच पांढऱ्या गाद्या. एकीवर निळा पट्टा, दुसरीवर हिरवा. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं.

"बाबा, निळी की हिरवी?" मुलीने विचारलं.

"तुला आवडेल ती."

हे उत्तर तिला पाठ होतं. पक्षाघाताचा झटका आल्यापासून आठ महिने, चहा की कॉफी, पंखा लावू की नको, सगळ्याला हेच. तीस वर्षं फेरीबोट चालवलेला माणूस! बोट सुटताना 'हात आत!' अशी आरोळी ठोकायचे, की धक्क्यावर निरोप द्यायला आलेलेसुद्धा हात खिशात घालायचे. आज येताना ती मुद्दाम कोपर खिडकीबाहेर काढून गाडी चालवत होती. बाबांनी पाहिलं आणि मिठाची गुळणी धरली. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

"चालवणार मी. तुम्ही नुसतं मजेत बसायचं," ती म्हणाली. बिचारीला वाटलं, आपण धीर देतोय.

बाबा निळीत चढले. पाय सवयीने सुकाणूमागच्या खुर्चीकडेच गेले. वेग द्यायचा दांडा उजव्या हाताशी होता. त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलला आणि दांड्यावर ठेवला. तो घसरून मांडीवर पडला.

"चांगली आहे," ते म्हणाले आणि खाली उतरले.

हिरवीत चढायला ते तयारच होईनात. "सारखीच तर आहे."

"सारखी आहे ना? मग बसायला काय जातंय?"

मुलीच्या हट्टापुढे कोणाचं चाललंय! ते चढले आणि थबकले. हिरवीचं सुकाणू डाव्या अंगाला होतं. दांडाही डावीकडेच.

विक्रेता ओशाळला. "ही तेवढी जरा उलटी आलीय. लोक नको म्हणतात."

बाबा बसले. डावा हात न सांगता दांड्यावर गेला. पुढे. मागे. मधे. मग पुन्हा पुढे, अगदी सावकाश, धक्का सोडताना ढकलायचे तसा. उजवा हात त्यांनी सुकाणूवर नुसता टेकवला होता. तो तिथेच राहिला.

"डावं-उजवं नाही म्हणालात ना?" त्यांनी विक्रेत्याला विचारलं. "अहो, तेवढंच तर आहे!"

मुलगी चढून त्यांच्या उजवीकडे बसली. मघाशी मुद्दाम केलं होतं, आता तिला भानच नव्हतं. तिचा हात काठावरून बाहेर लोंबत होता. बोटीखाली फरशी होती, समोर काचेचं दार, आणि पाणी तिथून कोसभर लांब.

बाबांची नजर समोरच होती.

"हात आत!"

मुलीने झटकन हात आत घेतला. खाली उभ्या असलेल्या विक्रेत्यानेही आपले दोन्ही हात खिशात घातले.