चूळ

जलतरण तलावात शेजारच्या लेनमधले दाभाडे भिंतीशी पोहोचले, की खळखळून चूळ भरत आणि ती पाण्यातच टाकत. मला शिसारी येई. गुडघ्याची शस्त्रक्रिया टाळायची तर रोज वीस फेऱ्या पोहा, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण कंटाळून मी आठव्या फेरीलाच बाहेर पडत असे.

अखेर ती चूळ चुकवायला तीन दिवस मी त्यांच्या फेरीचा वेळ मोजला आणि चौथ्या दिवसापासून त्यांच्याआधी भिंत गाठून परत वळू लागलो. वीस फेऱ्या कधी संपत, कळेनासे झाले.

“काय हो पाध्ये, या वयात शर्यत कसली लावताय?” दाभाडे हसत आणि पुन्हा चूळ टाकत.

एके दिवशी ती माझ्या खांद्यावर पडली. मी मुद्देसूद लेखी तक्रार केली. व्यवस्थापकांनी दाभाड्यांना तंबी देऊन सायंकाळच्या बॅचला पाठवले.

पाणी स्वच्छ झाले. मी मात्र पुन्हा आठव्या फेरीलाच बाहेर येऊ लागलो. पंधरवड्यात गुडघा धरला, तेव्हा बॅच बदलण्याचा अर्ज नेऊन दिला.

“काका, संध्याकाळी दाभाडे असतात,” व्यवस्थापक म्हणाले. “आणि ते सुधारलेले नाहीत.”

“ठाऊक आहे. त्यांच्या शेजारचीच लेन द्या.”