मऊ चकली

“मऊ चकली आहे का?” जंगम आजोबांनी विचारलं आणि प्रमिलाताईंचा हात तराजूवरच थांबला. त्यांच्या चकलीचा कुरकुर आवाज पेठेच्या टोकापर्यंत जातो, असं अख्खं कराड म्हणायचं. मऊ पडलेली चकली गिऱ्हाइकाला त्या दाखवतसुद्धा नसत.

“आजोबा, सकाळी सकाळी मला नावं ठेवायला आलात का?”

“नाही गं पोरी. दिवाळीत घरातले सगळे कुडूमकुडूम खातात आणि मी नुसता आवाज ऐकत बसतो. दात गेले, पण जीभ अजून शाबूत आहे.”

दुपारी प्रमिलाताईंनी वेगळी भाजणी भिजवली. पहिला घाणा सवयीने कडकच उतरला. तो नवऱ्याने गुपचूप मटकावला. मग त्यांनी पिठात सढळ हाताने लोणी घातलं, आच मंद ठेवली आणि रंग चढायच्या आतच चकल्या बाहेर काढल्या.

संध्याकाळी आजोबांनी तुकडा जिभेवर ठेवून टाळूशी दाबला. तो विरघळला. त्यांनी डोळे मिटले आणि लगेच उघडून ते म्हणाले, “आणखी एक दे.”

दुसऱ्या दिवशी ते बागेतल्या कट्ट्यावरची सगळी मित्रमंडळी घेऊन आले. मग सासऱ्यांसाठी चकल्या न्यायला सुना येऊ लागल्या. शेवटी प्रमिलाताईंनी स्वतःच दुकानावर पाटी लावली: ‘मऊ चकली मिळेल.’

“अगं, लोक हसतील!” नवरा म्हणाला.

“हसू देत की,” कढईत पुढचा घाणा सोडत त्या म्हणाल्या, “हसायला कुठे दात लागतात?”