काशम्माआज्जीचा आशीर्वाद

या मायबाप हो, अंमळ जवळ सरका. गुरुशांतची गोष्ट सांगतो. विरळ केसांपायी त्याची स्थळं मोडत होती, म्हणून मुलगी बघायला निघायच्या आधी त्यानं घरीच टाळूवर केस वाढवायचा बारीक सुयांचा रोलर फिरवला. घाईत जरा जोरातच. मग लाल ठिपक्यांवर केस ओढून घेतले.

मुलीकडं चहा झाला. "आज्जीच्या पाया पड की," त्याच्या आईनं खुणावलं. काशम्माआज्जी उखळात शेंगाचटणी कुटता कुटता उठून आली होती. बोटं तिखटानं लालभडक. तो वाकला. तिनं दोन्ही हात मायेनं त्याच्या टाळूवर फिरवले. डोक्यात आग पेटली. ओरडावं तर सगळं उघडं पडणार! त्यानं दात आवळले. डोळ्यांतनं धारा लागल्या.

मुलीचे वडील गहिवरले. "थोरल्यांचा हात लागला आन् पोरगं रडलं की हो! लई संस्कारी. आमच्याकडनं ठरलं!"

मुलीनं, महेश्वरीनं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि हळूच म्हणाली, "मागच्या दारी नळ हाय, डोकं धुवून घ्या. मी पण रोलर फिरवते. त्या दिवशी आज्जीपासनं लांबच राहते."

मायबाप हो, थोरल्यांपुढं डोकं ठेवताना आमच्या गुरुशांतची आठवण असू द्या.