माझ्या मागची बाई

डायलिसिसच्या आदल्या दिवशी ह्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. "तुझ्या मागे ती बाई कोण उभी आहे?" हेच टुमणं. डॉक्टर म्हणतात, किडन्या निकामी झाल्या की रक्तातली घाण मेंदूला भोवते. रक्त साफ झालं की हे भानावर येतात आणि स्वतःलाच हसतात.

आज चार तास मशीन चाललं. ह्यांनी तारीख, वार, लेकीचा फोन नंबर, सगळं बिनचूक सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला.

"आता नाही ना कुणी मागे?" मी हसत विचारलं.

हे हसले नाहीत. माझा हात घट्ट धरून राहिले.

सुया काढायला आलेल्या सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यामागे.

"किती वेळा सांगायचं?" ती वैतागली. "पेशंटजवळ एकीनेच थांबायचं."