दुरुस्ती होईस्तोवर

हैदराबादला कॉम्प्युटरचं काम करणारा मल्लेश सुट्टीला गावी मंठाळला आला खरा, पण त्याचं चित्त घरात नव्हतं. मोबाइल वाजला की ताटावरून उठून तो तुरीच्या रानात जायचा आणि दबक्या आवाजात बोलायचा. त्याच्या वडिलांचा, मायाप्पांचा जीव टांगणीला लागला. पोरानं काय करून ठेवलं असेल?

"काय लपवायलास रे? बापाला बी न्हाई सांगायचं?"

"शब्द दिलाय, अप्पा. आज न्हाई सांगता येत."

दुसऱ्या दिवशी तो फोनवर बोलून रानातून हसतच परतला.

"सुटलो, अप्पा! मजकुरातनं पाहिजे ती अक्षरं हुडकून देणारा एक प्रोग्राम हाय. जगभरचे लोक तो आपल्या कामात जोडत्यात. त्यात मला भोक घावलं. चोराला कळलं असतं, तर कुणाच्याबी कॉम्प्युटरात शिरला असता. म्हणून प्रोग्रामच्या मालकाला गुपचूप कळवलं. दुरुस्ती होईस्तोवर बोलायचं नव्हतं. आज झाली."

"येवढंच व्हय!" मायाप्पा मटकन ओट्यावर बसले आणि हसत सुटले. "आम्हाला वाटलं, कुठल्या परजातीच्या पोरीशी लगीन लावून बसलास."

मल्लेशची आई अनसाबाई उठून आत गेली. कणगीमागं दडवलेली नवी कोरी साडी घेऊन बाहेर आली.

"मग ही आता कुणाला नेसवू?"