पाण्याची पाळी

रोपांनी माना टाकल्या होत्या आणि गावाचे प्रमुख नेमके त्याच सकाळी बाग बघायला हजर झाले. वांगी, टोमॅटो, मिरच्या, सगळ्यांची पानं पिवळी पडून लोंबत होती. गावाच्या जुन्या उकिरड्याची ही जागा. लोकांनी मिळून कचरा उपसला, वाफे केले, रोपं लावली. प्रमुखांना मात्र तिथे गाड्या लावायला फरशी घालायची होती. महिनाभरात बाग जगवून दाखवा, नाहीतर फरशी, असं ठरलं होतं. महिना आज भरला.

प्रमुखांनी वाफ्यांवरून नजर फिरवली. चेहऱ्यावर दुःख आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो काही साधला नाही.

"सुईताई, मी तेव्हाच म्हटलं होतं. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही. बघा, घोटभर पाणी कुणी दाखवलं नाही बिचाऱ्यांना. उद्या फरशीवाल्याला बोलावतो."

सुईताई म्हणजे गावच्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. अर्ध्या गावाला त्यांनी सुया टोचल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यापुढे आवाज चढवायची कुणाची छाती होत नसे. प्रमुखही आज उसनं अवसान आणूनच आले होते. बागेची कल्पना सुईताईंची. मुलीच्या बाळंतपणाला जाताना त्या घरोघर सांगून गेल्या होत्या, "आपली समजून सांभाळा." काल रात्री परतल्या आणि सकाळी हे बघितलं. ही बाग गेली तर गाव पुन्हा कशासाठीही एकत्र येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण चेहऱ्यावर ते दाखवतील तर त्या सुईताई कसल्या!

त्या खाली बसल्या आणि त्यांनी मातीत बोट खुपसलं. बोट चिखलानं माखून बाहेर आलं. मग वांग्याचं एक रोप अलगद उपटलं. मुळं काळी पडून लिबलिबीत झाली होती.

"हे तहानेनं नाही गेलं," त्या म्हणाल्या. "बुडून गेलंय. पाणी कोण घालत होतं?"

निकाल ऐकायला लोक कुंपणाशी जमले होते. त्यांच्यातली बेकरीवाली पुढे झाली.

"मी घालत होते, ताई. भट्टी पेटवायच्या आधी, अंधारातच. म्हटलं, हे लोक कसले घालतात."

"अंधारात?" शिंपी दचकला. "अहो, दुकान उघडायच्या आधी मी घालत होतो की. पानं पिवळी दिसायला लागली, तशी आणखी एक बादली वाढवली."

शाळेचे मास्तर घसा खाकरून म्हणाले, की शाळा सुटल्यावर ते रोज पाईप लावून जात. "मला वाटलं, गावात माझ्याशिवाय कुणाला फिकीरच नाही." आपल्या त्यागात इतके वाटेकरी निघालेले बघून ते जरा हिरमुसले.

सुईताईंची धाकटी जाऊ सगळ्यांच्या मागे उभी होती. दोघींत वर्षभर अबोला होता. ती बेकरीवालीकडे बघत म्हणाली, "सांग त्यांना, दुपारचं पाणी माझं होतं. एवढ्या उन्हात त्यांची रोपं करपली असती."

सुईताईंना भरून आलं. पण बागेत पाणी आधीच जास्त झालं होतं, म्हणून त्यांनी डोळ्यांतलं आवरलं.

प्रमुखांची कळी खुलली. "म्हणजे कुणाचा कुणावर काडीचा विश्वास नाही. आणि तुम्ही मिळून बाग चालवणार?"

"विश्वास येईल मागाहून." सुईताई गुडघे झटकत उठल्या. "पाणी आधी आलंय. कुणाच्या मागे न लागता आलंय. तुम्ही घरोघर माणूस धाडता, तरी तुमच्या सभेला किती जण येतात?"

प्रमुख लगबगीनं पुढच्या वाफ्याकडे वळले. कुंपणाशी मात्र खसखस पिकली.

सुईताईंनी एकेक वाफा तपासला. कडेच्या वाफ्यांची जमीन उंच होती, तिथली मुळं पांढरी आणि टणक होती. "हे जगतील. मधले पुन्हा लावू. आजपासून बागेची एकच झारी. ती ज्याच्या घरी, त्याची पाळी. बाकीच्यांनी जीव कितीही तुटला तरी बादली उचलायची नाही."

"पहिली पाळी कुणाची?" बेकरीवालीनं विचारलं, आणि चार-पाच हात एकदम पुढे आले.

सुईताईंनी कोपऱ्यातली भरलेली झारी उचलली, रस्त्यावर ओतून रिकामी केली आणि प्रमुखांपुढे धरली.

"माती सुकेपर्यंत थेंबभरही पाणी घालायचं नाही. रोज यायचं, बघायचं आणि काही न करता परत जायचं. गावात हे तुमच्याइतकं कुणाला जमणार?"

या वेळी मास्तरसुद्धा मोठ्यानं हसले. प्रमुखांनी नको म्हणावं, तर काही न करणंही यांना झेपत नाही असं गावभर झालं असतं. त्यांनी झारी घेतली आणि फरशीवाल्याचा विषय न काढता ते घराकडे निघाले.

वळणावर सायकल दुरुस्तीवाला समोरून येत होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. हँडलला दोन्हीकडे दोन भरलेल्या बादल्या लावून तो जपून पावलं टाकत बागेकडे चालला होता. प्रमुखांनी त्याला भर रस्त्यात अडवलं.

"मागे फिर आधी," ते म्हणाले. "बाग बुडवायचीय का आपली?"